परकोटाच्या पोटातली खोली

अमरावतीच्या जुन्या गावाभोवती जो दगडी परकोट आहे त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या आहेत, हे तिथल्या कुठल्याही पोराला विचारा, एका दमात सांगेल. खिडकी म्हणजे हवा खायची नव्हे, माणूस वाकून जाईल एवढा बुटका दरवाजा, हेही सांगेल. एका खिडकीला खुनारी का म्हणतात ते रंगवून सांगेल, पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या काळात ही भिंत कशी उठली तेही सांगेल. पण या भिंतीच्या पोटात माणूस राहू शकेल अशी एक खोली होती, आणि त्या खोलीत मी, पाळी आलेली नसताना, 'दूर बसलेली' म्हणून दोन वर्षं बसत होते, हे कोणी सांगणार नाही. ते मलाच सांगावं लागेल. आता मी साठीकडे झुकले आहे. ज्यांची लाज धरायची ती माणसं राहिली नाहीत, आणि माझी स्वतःची लाज सरकारी दवाखान्यात बायकांची बाळंतपणं करता करता केव्हाच संपली.

मी हिवरखेडची. आमच्याकडे त्या वर्षांत कपाशी चांगली उगवायची, फुलायची, आणि बोंड फोडून पाहिलं की आत अळी निघायची. फवाऱ्याच्या औषधाचा वास पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गावावर बसून राहायचा, अगदी भाकरीलाही लागल्यासारखा वाटायचा. आमच्या घरी चूल पेटत होती, उपाशी कोणी नव्हतं, पण बाबांचं बोलणं कमी झालं होतं. दहावीत मला बरे गुण पडले तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि लगेच पुढचं काय या विचारानं तोंड पाडून बसले. अशात एक दिवस अमरावतीचे मामा आले. सहसा न येणारे मामा. धोतराचा सोगा सावरत ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "पोट्टी हुशार आहे. गावात सडवू नको. माह्या घरी ठेवतो, सायन्सले टाकतो." आई आनंदानं रडली. मी आत पाणी भरता भरता ऐकत होते आणि मला वाटलं, अमरावतीसारख्या शहरातल्या माणसानं आपली हुशारी इतक्या लांबून ओळखली. ही गोष्ट मी कॉलेजात मैत्रिणींना दोन वर्षं सांगत होते.

मामांचं घर परकोटाला टेकून होतं. टेकून म्हणजे घराला तीनच भिंती बांधलेल्या, चौथी परकोटाची. समोर वसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघर संपतं तिथं काळ्या दगडांची ती भिंत सरळ वर गेलेली. त्या भिंतीला खिळा मारायचा नाही असा घराचा कायदा होता. भिंत सरकारची, खिळ्याचा आवाज पलीकडं जातो, कोणी तक्रार केली तर घर जाईल. त्यामुळे सगळं वरच्या लाकडांना दोरीनं टांगलेलं असायचं: झारे, पोळपाट, देवाची तसबीर, मामांचा सदरासुद्धा. वारा आला की स्वयंपाकघरातलं सगळं हळूहळू हलायचं आणि भांड्यांचा किणकिणाट व्हायचा. नवा माणूस त्यानं दचकायचा. मी आठ दिवसांत सरावले.

मामा एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. पूर्वी म्हणे हंगामात कापसाच्या गाड्यांना दिवसभर थांबायला जागा नसायची. माझ्या वेळेला कापूसच इतका कमी यायचा की मामा अकराला जायचे आणि जेवायला परत आले की पुन्हा जायचेच नाहीत. वसरीत बसून घराचे कागद चाळायचे. एका पत्र्याच्या पेटीत ते कागद होते, काही मोडीतले, काही उर्दूतले, मामांना दोन्ही लिप्या वाचता येत नव्हत्या. तरी चाळायचे. त्यांच्यापाशी घर सोडून दुसरं काही उरलेलं नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा ते मला नुसते चिडके वाटायचे.

आणि ती खोली. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांमागं, परकोटाच्या दगडात कमरेएवढ्या उंचीचं दार होतं. वाकून आत गेलं की चार पायऱ्या खाली, आणि मग एक कमानीची खोली, भिंतीच्या जाडीतच कोरल्यासारखी. एका अंगाला वीतभर रुंद झरोका, त्यातून पलीकडच्या रस्त्यावरच्या सायकलींची फक्त चाकं दिसायची. जुन्या काळी पहारेकरी तिथं राहत असणार. मामांच्या घरात तिथं तुरीचं कुटार म्हणजे गुरांसाठीचा भुसा, गोवऱ्या आणि लग्नातले मोठे हंडे ठेवलेले असत. ही खोली भिंतीत म्हणजे सरकारच्या जागेत, ती कोणाला दिसली तर अतिक्रमण म्हणून आधी ती जाईल आणि मग तिच्यापायी सगळं घर, अशी मामांची पक्की समजूत होती.

परकोटाची मोजणी करायला वर्षातून बरेचदा माणसं यायची. एक साहेब, फीत धरायला एक शिपाई, काखेत नकाशाची गुंडाळी. मी गेल्यावर महिनाभरात ते पहिल्यांदा येणार असं कळलं. सकाळी मी कॉलेजची तयारी करत होते. मामा मला थेट काही बोलले नाहीत, माजघरात मामीला म्हणाले, "तिले सांग." मामी माझ्याजवळ आली. ती दर्यापूरकडची, उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. तिनं माझ्या हातातली वही काढून घेतली.

"शोभे, आज तू दूर बसली आहे," ती म्हणाली.

"नाई मामी. माह्ये तर आठ दिवस झाले."

"मले माईत आहे. तरी बसली आहे. साहेब यीन, दार उघडा म्हणीन. आमी सांगू, पोरगी बसली आहे आत. मंग कोणता माणूस आत पाय टाकते?"

मी तिच्याकडं पाहतच राहिले. आमच्या घरी हे फारसं पाळत नव्हते. निंदणाच्या दिवसांत आई चार दिवस बसली असती तर तण कोणी काढलं असतं? पण इथं ते पाळण्याचा प्रश्नच नव्हता, दाखवण्याचा होता. मामीनं दाराबाहेर पाण्याचा गडवा ठेवला, एक जर्मनचं ताट पालथं घातलं, दोरीवर एक जुनं लुगडं आडवं सोडलं. कोणालाही एका नजरेत कळावं. मी चार पायऱ्या उतरून कुटाराच्या पोत्यावर जाऊन बसले.

साहेब आले. वर त्यांच्या चपलांचा आवाज, फीत ओढल्याची सरसर. मग दाराजवळ शिपाई म्हणाला, "इथं एक दार दिसते." मामांचा घसा खाकरल्याचा आवाज. "आत भाची बसली आहे माही... दूर." आणि साहेबांचा गडबडलेला आवाज, "असू द्या, असू द्या." चपला लगबगीनं वसरीकडं गेल्या. मला तेव्हा हसू आलं, खरं सांगते. एवढा मोठा साहेब, आणि एका पालथ्या ताटाला घाबरला. त्या दिवशी दुपारी मामीनं गिलावडे केले, मामांनी स्वतःच्या हातानं दोन जास्तीचे माझ्या ताटात वाढले. आपण घर वाचवलं असं मला वाटलं.

पण ते एका दिवसाचं नव्हतं. साहेब सांगून येत त्या दिवशी येतीलच असं नसायचं. आज, उद्या, परवा. त्यामुळे निरोप आला की मी तीन तीन दिवस बसायची. आणि बसायचं तर पूर्ण बसायचं, कारण शेजारच्या बायका स्वयंपाकघरात येत-जात, त्यांच्यातल्या एकीनं कुठं बोलून टाकलं तर? म्हणून माझं जेवण वरून ताटात टाकलं जायचं, अंबाडीची भाजी आणि भाकर, झुणका आणि भाकर. पोत्यावर झोपायचं, कोणाला शिवायचं नाही. खोलीत उन्हाळ्यात ओल आणि हिवाळ्यातही ओलच. झरोक्यातून सायकलींची चाकं बघत मी पाठ्यपुस्तकं वाचायची, उजेड पुरायचा नाही म्हणून पुस्तक झरोक्याला लावून उभ्यानं वाचायची. माझी खरी पाळी आली की उलट मी घरभर फिरत असायची, कारण त्या दिवसांत कोणी यायचं नसायचं. मामीच म्हणायची, "फिर बाप्पा, पाय मोकळे कर."

मोजणी नेमकी बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला आली. मी मामांना म्हटलं, परीक्षा आहे. ते म्हणाले, "घर जास्त का बेडूक जास्त?" मॅडमनी नंतर विचारलं, का आली नाहीस? काय सांगणार? तब्येत, म्हटलं. पुढच्या वेळीही तब्येत. मॅडम म्हणाल्या, "शोभा, तुझ्या रक्ताची तपासणी करून घे." वर्गातल्या मुली हसल्या.

गावाहून बाबांचं आंतरदेशीय पत्र यायचं. कपाशीचं काय झालं ते दोन ओळींत, आणि खाली नेहमीचं: मामांचे उपकार विसरू नकोस. ते वाक्य वाचलं की तोंड बंद व्हायचं. मी काय लिहिणार होते? इथं मला मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते. कॉलेजात घातलं होतं. कोणत्या तोंडानं तक्रार करणार? आज माझ्यासमोर सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली, घरी सगळं चांगलं आहे पण मला श्वास घेता येत नाही, तर मी तिला खुर्ची देते आणि दार लावून घेते. तेव्हा मला खुर्ची द्यायला कोणी नव्हतं.

एक हबीबचाचा होते. कॉलेजला जाताना परकोटाच्या दरवाज्यातून जावं लागायचं, आणि त्या दरवाज्याच्या आतल्या अंगाला पहारेकऱ्यांसाठी दगडी देवडी होती. त्या देवडीत चाचांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. दिवसभर पंप मारायचा आवाज आणि रॉकेलचा वास. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते परकोटाच्या अजब गोष्टी ऐकवायचे: या दरवाज्याच्या लाकडात हत्तीसाठी खिळे ठोकलेत, या कोपऱ्यात कान लावला की पलीकडच्या कोपऱ्यातलं बोलणं ऐकू येतं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. एकदा मी मामीचा स्टोव्ह घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "बेटी, माह्या दुकानाले तिन्ही बाजूनं सरकार आहे. मोजणीवाले आले, मी म्हटलं, मोजा. चाय पाजली. एकदा मोजून गेले ते गेले. तुह्या मामाकडे काहून घडीघडी येतात?"

"माईत नाई चाचा," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

बारावी कशीबशी झाली. डॉक्टर होण्याचं जे काही मनात होतं ते त्या कुटाराच्या पोत्यावरच संपलं होतं. पण मॅडमनी सुचवलं म्हणून मी अकोल्याच्या नर्सिंग प्रशिक्षणाचा अर्ज भरला आणि मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवार, दुपारी बारा. सकाळी आठच्या आत बसमध्ये बसलं तर पोहोचता येत होतं. मामा पत्र वाचून म्हणाले, "जाय. नोकरी लागन." मी आईला कळवलं. दोन दिवस मी पंख लागल्यासारखी घरात वावरत होते, माझे दाखले एका फाइलमध्ये लावून ठेवले होते.

सोमवारी मोजणीचा निरोप आला. मंगळवार सकाळ.

मामांनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, "पुढल्या वर्षी देजो मुलाखत. वर्षानं काय बिघडते?" मी गयावया केली. मामीच्या पाया पडले. मामा पेटी उघडून कागद चाळू लागले. न वाचता येणारे ते कागद ते पुन्हा पुन्हा उलटत होते, आणि तरी मला त्यांची दया आली नाही.

दुपारी मामी तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मामी, मामांनी मले शिकवाले आणलं. मंग शिकू काहून देत नाई?"

तिनं सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. "शिकवाले नाई आणलं तुले."

"मंग?"

"तुह्याआधी मी बसत होती. लग्न होऊन आली त्या सालापासून. मंग माहं थांबलं. एकदा साहेबानं दारातून माह्या डोक्याकडे पाह्यलं, सारे पांढरे केस. काही बोलला नाई, पण तुह्या मामानं ते पाह्यलं. मंग त्याच पंधरवड्यात हे हिवरखेडले गेले."

तोंडात मारल्यासारखं झालं. दोन वर्षं मी ज्या हुशारीच्या गमजा मारत होते ती हुशारी कोणी पाहिलीच नव्हती. घरात पाळी येणारी एक बाई हवी होती, म्हणून मी होते. रडू आलं नाही. राग आला, आणि त्याहून जास्त शरम वाटली, की आपण दोन जास्तीच्या गिलावड्यांवर खूश झालो होतो.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखी पायऱ्या उतरून खाली गेले. फाइल पदराखाली लपवून नेली होती. मामीनं ती पाहिली, गडवा ठेवला, ताट पालथं घातलं. साहेब सातलाच आले. वसरी झाली, माजघर झालं, फीत सरसरत स्वयंपाकघरात आली. मी खोलीत उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती: या दाराला कडी नाही. बाहेरून नाही, आतूनही नाही. दोन वर्षांत एकदाही कोणी मला कोंडलं नव्हतं. दर वेळी मी स्वतःच बसत होते.

"आत भाची बसली आहे," मामा म्हणाले.

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले.

मी चार पायऱ्या चढले आणि वाकून बाहेर आले. लुगडं बाजूला सारलं. साहेबांनी मान फिरवली आणि इतक्या झटक्यानं मागं सरले की टांगलेल्या झाऱ्यांवर त्यांचं डोकं आपटलं, सगळी भांडी वाजू लागली. शिपायाच्या हातून फितीचं टोक सुटलं. मी म्हटलं, "साहेब, मी दूर बसली नाई. कधीच नव्हती बसली. खोली मोकळी आहे, पाहून घ्या."

मामांनी चौकट धरली होती. त्यांचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हाताऱ्या माणसाला गर्दीत धक्का लागावा तसे दिसत होते. "मामा, येतो मी," असं मी म्हटलं आणि त्यांच्या पायांना हात लावायला वाकले, पण ते मागं झाले. मग मी निघाले. गल्लीत मी धावत होते. हबीबचाचांनी देवडीतून पाहिलं, काही विचारलं नाही, पंप खाली ठेवून एक ऑटो थांबवला आणि ऑटोवाल्याला ओरडले, "बस स्टँड, जल्दी! पोरीची परीक्षा आहे." त्यांना कोणी सांगितलं होतं, मला आजतागायत कळलेलं नाही.

अकोल्यापर्यंतचा सगळा प्रवास माझ्या डोळ्यांसमोर मामांचं घर पाडलं जात होतं. आपण एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं आणि फाइल घेऊन मुलाखतीला निघालो. मुलाखतीत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? माझ्या तोंडातून 'मामा' एवढंच निघालं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. पुढं काय बोलले ते आठवत नाही, पण माझी निवड झाली. मी गावी गेले, तिथून सामान घेऊन अकोल्याला जठारपेठेजवळच्या वसतिगृहात आले. बाबांनी मला काही विचारलं नाही, फक्त त्यांच्या पत्रातलं ते नेहमीचं वाक्य यायचं थांबलं. अमरावतीला मी पत्र टाकलं नाही. टाकायची हिंमत नव्हती.

दिवाळीच्या अलीकडं एका रविवारी वसतिगृहाच्या बाईंनी हाक मारली, "शोभा, तुझी मामी आली आहे." मी पायऱ्या उतरून खाली आले. मामी बाकावर बसली होती, मांडीवर पाटवड्यांचा डबा. एकटी आली होती. माझ्या माहितीत ती एकटी कधी परकोटाबाहेर गेली नव्हती.

"घर?" मी एवढंच विचारलं.

"आहे. घराले काय होते?" तिनं डबा माझ्या हातात दिला. "तू गेली अन् साहेब आत उतरला. कंदील मागितला. सारं मोजलं. मंग वर येऊन वसरीत नकाशा पसरला अन् बोट ठेवलं. म्हणे, ही पाहा तुमची खोली. पहाऱ्याची चौकी, तुमच्याच घराण्याच्या नावानं. इतक्या जुन्या नकाशात आहे. कोण घेऊन राह्यलं तुमच्यापासून?"

"मंग ते घडीघडी काहून येत होते?"

"तुह्या मामानंही तेच विचारलं. तर साहेब म्हणे, दर खेपेले आमाले लिहावं लागते, आतली खोली पाहाले भेटली नाही. न पाह्यलेलं राह्यलं की पुन्हा यावंच लागते." मग मामी हिशेब मांडल्यासारखी म्हणाली, "म्हणजे आपण बसत होतो म्हणून ते येत होते, अन् ते येत होते म्हणून आपण बसत होतो."

वसतिगृहाच्या मुली केस धुऊन अंगणात उन्हात बसल्या होत्या, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी मनात मामीची वर्षं मोजायचा प्रयत्न केला, लग्न होऊन आल्यापासून ते केस पांढरे होईपर्यंत, आणि मला ती मोजता आली नाहीत. माझी दोन होती तर मी इतकी पेटून उठले होते. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, आणि मला तिच्याच वतीनं इतका राग आला की डब्याचं झाकण मी दोनदा उघडलं आणि लावलं.

"मामा काय म्हणाले?"

"दोन दिवस तोंडातून शब्द नाई. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता मले विचारते, आता त्या खोलीचं काय करावं? मी म्हटलं, मी बसली, पोट्टी बसली. आता तुमी बसा."

"मंग?"

"बसले ना," मामी म्हणाली. "रोज दुपारी पेपर घेऊन बसतात. लय थंड वाटते म्हणे."